इव्हेटची नाळ

मर्सी हॉल, ट्रेलॉनी, जमैका
सोमवार, १५ जुलै १९८५

मर्टल,

तू आणि केनेथ खुशाल असाल. तुझ्या प्रत्येक पत्रात तुम्ही खुशालच असता, तेव्हा मी वेगळं काय विचारू.

इथलं सांगायचं तर ऊन कडक आहे. रताळ्याचे वेल वाळले, कोनफळ मात्र बरं धरलंय. शेळी व्याली. मिस डेल्फीचा गुडघा अजून तसाच, पण कुंपणापाशी उभं राहून लोकांच्या चौकशा करायला तो आड येत नाही. नीरफणसाखाली यंदाही आलं फुटलंय. कोणी लावलं नाही, कोणी पाणी घालत नाही, तरी दरवर्षी येतं. मी चहात टाकते. नवा पोस्टमास्तर पत्रं आधी वाचतो आणि मग वाटतो म्हणे, म्हणून हे लेस्टरच्या हाती धाडते आहे. मामेभाऊ आहे तुझा. त्याला आत बोलावून चहा दे. मागच्या वेळी दारातूनच कटवलंस, ते त्याने इथे सगळ्या गावाला सांगितलं.

इव्हेट पत्र का लिहीत नाही म्हणून तू विचारलंस. तिची तब्येत बरी आहे. काल पाहिली.

आता मी एक विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. इव्हेटची नाळ तू खरंच आणली होतीस का?

तुला आपल्या रीती आठवायच्या नसतात, म्हणून मीच आठवण करून देते. या घरात जन्मलेल्या प्रत्येक बाईची नाळ त्या नीरफणसाखाली पुरलेली आहे. माझी आहे, तुझी आहे, आईची, आजीची आहे. गुलामांची पोटं स्वस्तात भरावीत म्हणून गोऱ्यांनी जहाजातून आणलेलं झाड ते. आणि प्रत्येक बाईने लग्नाआधी एकदा त्या झाडातून तिकडे, गुलामीच्या दिवसांत, जाऊन बघून यायचं. आजी आईला घेऊन गेली, आई मला. तुझी पाळी आली तेव्हा तू मिस्टर चिनच्या दुकानात पिठाच्या पोत्यांमागे लपलीस. "मला नाही बघायचं. झालं ते झालं," म्हणालीस. आई म्हणाली, राहू दे, भित्री आहे पोर. मी तेव्हाच म्हटलं होतं, ही भित्री नाही, हिला आपली लाज वाटते.

इव्हेटने स्वतः हट्ट धरला. तुझ्याशी भांडून आली होती ती. "मावशी, आई काही सांगत नाही. विचारलं की रेडिओ लावते. तू ने मला," म्हणाली. मी रीतीप्रमाणे नेलं. रविवारी, कारण तिकडे रविवार तेवढा लोकांचा स्वतःचा असतो. ते आपापल्या तुकड्यावर राबतात, पिकवलेलं बाजाराला नेतात, आणि डोक्यावर टोपली घेतलेली आणखी एक बाई कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. जाडाभरडा झगा, डोक्याला फडकं, अनवाणी पाय, टोपलीत कोनफळ. खोडाला हात लावून डोळे मिटायचे. उघडले की तेच झाड दंडाएवढं असतं आणि चहूकडे ऊस. घटकाभर थांबायचं, बघायचं आणि घरी यायचं. तिला मी बजावून बजावून सांगितलं होतं, डोळे खाली ठेव. कोणी काही विचारलं तर "हो मालक" म्हण आणि चालू लाग.

पण तू तिला वाढवलंस ना, मान वर करून आणि शब्द स्वच्छ उच्चारून. वाटेत मुकादम एका बाईला मारत होता. घोड्यांसाठी गवताचा भारा कमी आणला म्हणून. बाईचं पोट पुढे आलेलं. मी इव्हेटचा दंड धरला तोवर तिने टोपली खाली ठेवली होती. "सोड तिला," म्हणाली. तुझ्या बर्मिंगहॅमच्या इंग्रजीत. मुकादम आपल्यासारखाच काळा, तो क्षणभर चाबूक खाली करून उभाच राहिला. असा आवाज त्याने फक्त मालकाच्या मोठ्या घरातून ऐकला होता. मग त्याने तिचा रंग बघितला, तिचे अनवाणी पाय बघितले, आणि विचारलं, "तू कोणाची?"

आम्ही पळालो. हातात हात घट्ट धरून खोडाला टेकलो. मी घरी आले. माझा हात रिकामा होता.

मी तशीच परत गेले. झाडाखाली कोणी नव्हतं.

जाणं दुसऱ्याचा हात धरूनही होतं, येणं ज्याच्या त्याच्या नाळेवर. हे तुलाही माहीत आहे. मला वाटलं, घाईत माझाच हात सुटला असेल. पुढच्या रविवारी फीबाने, तिथल्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीने, तिला पाणी भरायच्या निमित्ताने झाडापर्यंत आणलं. पुन्हा टेकलो. माझ्या मुठीत तिच्या बाहीची फीत तेवढी आली.

तिला शेतावर घातलेलं नाही. मोठ्या घरात शिवणकामाला ठेवलंय. का, ते तुला कळेल. तिच्या जन्मानंतर तू मला काय लिहिलं होतंस? "ताई, इतकी उजळ झाली आहे की बाबागाडीतून नेली तर लोक मला तिची आया समजतात." मला कळलं नाही की तू रडत होतीस की मिरवत होतीस. तिकडे त्या रंगाला भाव आहे. मालकाचा पुतण्या आहे, ऑगस्टस हॅले. साखर जहाजावर चढवायला किंग्स्टनला गेलाय, ऑगस्टच्या मध्याला येईल. जाताना सांगून गेलाय, त्या नव्या पोरीची चटई माझ्या खोलीबाहेरच्या बोळात टाका. त्या बोळात याआधी कोण कोण झोपलं ते फीबाला माहीत आहे. त्यांतली एक तिची मुलगी होती.

काल इव्हेटने मला मागच्या दाराशी विचारलं, "मावशी, माझी नाळ आहे ना तिथे? आईने नक्की पुरली ना?" मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत पुरली. मी खड्डा खणला होता.

तेव्हा सांग. तू त्या काडेपेटीत काय घालून आणलं होतंस, मर्टल? खरी नाळ तुझ्याकडे कुठे कपाटात, डबीत पडली असेल तर मिळेल त्या विमानाने घेऊन ये. आपण अजून पुरू शकतो. एवढंच हवंय मला.

नसेल तर दुसरा मार्ग एकच आहे, जो झिला आजीने धरला. त्याविषयी मला आत्ता बोलायचं नाही.

तुझी बहीण
आयोनी


बर्मिंगहॅम
बुधवार, २४ जुलै

ताई,

लेस्टरला चहा दिला. केकही दिला. त्याच्यासमोर तुझं पत्र उघडलं नाही, ते बरं केलं.

ती काय चर्चची सहल होती म्हणून माझ्या मुलीला घेऊन गेलीस? मला विचारलंस? एका शब्दाने? वीस वर्षं मी तिला त्या परसापासून लांब ठेवलं. सुट्टीत ब्लॅकपूलला नेलं, वेल्सला नेलं, तिकडे पाठवलं नाही. ती रुसून तुझ्याकडे आली आणि तू पहिलं काम काय केलंस, तर तिला नेऊन त्यांच्या हातात दिलीस. तुला नेहमीच मला धडा शिकवायचा होता. आता शिकवलास.

नाळ नाही.

आठव्या दिवशी गळून पडली. मी नर्सकडे मागितली. चिमट्यात धरून ती म्हणाली, "कशाला हवी? तुम्ही लोक खाता की काय?" अख्खा वॉर्ड हसला. केनेथची गोरी आई खाटेशेजारी बसली होती, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पण हसले, ताई. "छे, गंमत केली," म्हटलं. नर्सने ती बादलीत टाकली आणि मी बघत राहिले.

पुढच्या वर्षी आई आजारी म्हणून आले तर तिने दारातच विचारलं, "नाळ आणलीस?" पाणी नंतर विचारलं. मी हो म्हणाले. तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टोपलीतून सुकलेल्या आल्याचा बोटभर तुकडा घेतला, कापडात गुंडाळला, काडेपेटीत घातला. आई आनंदाने रडली. तू खड्डा खणलास, वर माती सारखी केलीस आणि मला म्हणालीस, "चला, एक तरी गोष्ट नीट केलीस." आता तुला कळलं, दरवर्षी तुझ्या चहात काय पडतं ते.

हस. मला चालेल.

आणि झिला आजीचं खूळ माझ्यासमोर नाचवू नकोस. आजीची बहीण तिकडे गेली आणि तिथेच राहिली, तिच्या नाळेवर पाठीवर वळ असलेली तामार इकडे आली, हे मी लहानपणी ऐकलं आणि कितीतरी रात्री झोपले नाही. मिस तामार मागच्या खोलीत राहायची, आपले केस विंचरायची, आणि दार जोरात वाजलं की पलंगाखाली जायची. मला ती आवडत नव्हती. तिच्याकडे बघितलं की मला सगळं खरं वाटायचं. एका नाळेवर एकच माणूस येतं, हे मला माहीत आहे. तू कोणाच्या नाळेकडे बघून ते लिहिलंस तेही कळतंय. माझी नाळ त्या झाडाखाली आहे आणि आई मीच आहे.

मला विचार करू दे. तू काही करू नकोस. मला भीती वाटते, हे लिहून देते, गावाला वाचून दाखव हवं तर. मी आयुष्यभर म्हटलं की मी ते बघणार नाही, आणि माझी पोर ते रोज बघते आहे. केनेथला वाटतंय ती तुझ्याकडे पोहायला शिकते आहे.

तिकीट सहा तारखेचं मिळालं. कोणाला विमानतळावर पाठवू नकोस. माझ्यासाठी काही रांधू नकोस.

मर्टल


मर्सी हॉल
रविवार, ४ ऑगस्ट, सकाळ

मर्टल,

हे पत्र तुझ्या हातात इव्हेट देईल. दुसऱ्या कोणी दिलं तर पुढचं वाचू नकोस, चुलीत टाक.

आल्याचं वाचून मला हसू आलं नाही. वीसेक वर्षं मी तो चहा पितेय आणि आईच्या वर्षश्राद्धाला पाद्रीबाबांनाही पाजला. बाहेर जाऊन ते सगळं उपटून टाकावं म्हणून कुदळ घेतली. मग टाकलं नाही. त्याने काय केलंय.

नर्सचं मात्र तू आधी का सांगितलं नाहीस? आई रडली असती, मी चार शिव्या दिल्या असत्या, आणि मुलीला आम्ही झाडापाशी फिरकू दिलं नसतं. तुला वाटलं आम्ही पण हसू. तुझा माझ्यावर इतकाही भरवसा नव्हता, हे मला त्या आल्यापेक्षा जास्त झोंबलं.

गुरुवारी एक ऑगस्ट. चर्चमध्ये गुलामांच्या सुटकेच्या दिवसाची प्रार्थना झाली. सगळे गात होते, माझ्या तोंडून सूर निघेना. तिकडे तो दिवस अजून यायचा आहे.

आता कामाचं. शेळी सकाळी लवकर दूध देते, करडांना आधी पाजू नकोस. मागच्या दाराची कडी वर उचलून लावावी लागते. मिस डेल्फीला सांगितलंय की मी मोंटेगो बेला गेले. तिने विश्वास ठेवला नाही, पण दोन दिवस इव्हेटला जेवायला घालील आणि तोंड बंद ठेवील, तशी शपथ घातली आहे.

इव्हेट भेटली की एकदम मिठी मारू नकोस, दचकेल. तिची पाठ बघून ओरडू नकोस. गेल्या रविवारी तिने पेला फोडला म्हणून घरधनिणीने कात्रीच्या मुठीने मारलं. खोबरेल लाव आणि गप्प राहा. आल्याचं तू स्वतः सांग. मी सांगितलेलं नाही. आई चुकली असं ती माझ्या तोंडून ऐकणार नाही.

हो, मी झिला आजीचंच करते आहे. मिस तामारने मला केस विंचरताना सांगितलं होतं, ते सोपं आहे. खोडाला हात लावायचा आणि तोंडाने म्हणायचं, माझ्या नाळेवर ही जाईल.

मी उदार आहे असं समजू नकोस. तुझंच नाव पहिलं मनात आलं, आणि बरेच दिवस राहिलं. म्हटलं, जाऊ दे तिला, तिचं पाप तिने निस्तरावं. मग डोळ्यांसमोर आणलं, तू तिथे उभी, मुकादमाचं इंग्रजी सुधारते आहेस. दुपारपर्यंत सोलून काढतील तुला. आणि परवा तू विमानातून उतरशील, मग धीर गोळा करशील, मग रडशील, त्यात तो पुतण्या लवकर परतला तर? मी तुझ्या धीराची वाट बघत बसणार नाही.

मी तिथे चालून जाईन. मी काळी आहे, साठीची आहे, दात पडलेत. असल्या म्हातारीकडे तिकडे कोणी मान वळवून बघत नाही. इथेही बघत नव्हते म्हणा. जन्मभर मला त्याचा राग होता आणि आता त्याचाच उपयोग होतोय. म्हाताऱ्या बायांना तान्ह्या पोरांपाशी ठेवतात, आया शेतावर असतात तोवर. पोरं सांभाळता येतात मला, तुला सांभाळलं होतं. एक पोर हरवली आणि तिच्या जागी म्हातारी हाती लागली, म्हणून मुकादम आधी बडवील. ते मी धरून चालले आहे. नंतर फीबा आहे. तिची मुलगी त्या बोळातून परत आली नाही, तिला कोणीतरी सोबत हवं आहे. आम्ही दोघी मिळून त्या पुतण्याला रोज काय रांधून घालू ते देवाला ठाऊक.

भीती मलाही वाटते.

सुटकेच्या दिवसापर्यंत जगले तर त्या दिवशी गुरुवारपेक्षा मोठ्याने गाईन.

एक शेवटचं. मला परत यायला आता काही उरलं नाही, पण तुझी नाळ झाडाखाली आहे. खरी. तुझ्या जन्माच्या वेळी मी दहा वर्षांची होते, माती मीच लोटली. तू येऊ शकतेस, बघू शकतेस आणि घरी जाऊ शकतेस. आईने बोलावलं तेव्हा तू पोत्यांमागे लपलीस. आता तुझी सख्खी बहीण तिथे आहे. बघायचं नाही म्हणून किती वर्षं रेडिओ लावशील?

रविवारी ये. रिकाम्या हाताने येऊ नकोस.

झाडापलीकडची
आयोनी


मर्सी हॉल
रविवार, ११ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र इव्हेटनेच दिलं.

मी तुला म्हटलं होतं, काही करू नकोस. तू माझं कधी ऐकलंस? मी येत होते. तिकीट काढलं होतं. मला दोन दिवस दिले असतेस तर मीच गेले असते. की नसते, ते आता मला कधीच कळणार नाही, आणि यासाठी मी तुला माफ करणार नाही.

तिला आल्याचं सांगितलं. तिने त्या नर्सचं नाव विचारलं. मला आठवत नव्हतं. रात्री ती पलंगाखाली जाऊन झोपते. मी पण चटई टाकून खालीच झोपते, जरा अंतर ठेवून. परवा तिने हात बाहेर काढला, तो मी धरला.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. वाचून तुला दाखवते आणि फीबाच्या चुलीत घालते. टोपली भरली आहे. वर कोनफळ, खाली मीठ, ताप उतरायची पानं, तुझी लोकरीची बनियन मातीत मळवून, आणि झाडाखालचं आलं. सगळं नाही काढलं, थोडं ठेवलं.

तुझा जुना झगा मला होत नाही, शिवण उसवून घेतली. डोक्याचं फडकं इव्हेटने बांधून दिलं. सकाळपासून ती मला परसात टोपली डोक्यावर घेऊन चालायला लावते आहे. मी जाते म्हणाले तेव्हा तिने अडवलं नाही, फक्त म्हणाली, आधी नीट शिक.

"डोळे खाली, आई," म्हणते. मी खाली घालते. ती समोर उभी राहून बघते आणि म्हणते, "अजून खाली."

येते.

मर्टल